दादाला न विचारलेलं ऑपरेशन

"फुफ्फुसातली गाठ कॅन्सरची आहे, पण अजून लहान आहे," दौंडचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा केबिनमध्ये मी एकटाच होतो. पेशंट म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा कासुर्डीत शेती करतो, मी शिक्रापूरला कंपनीत. त्यामुळे डॉक्टरांशी बोलायचं ते मी, असं घरात धरूनच चाललेलं.

"पुण्यात सर्जनना दाखवा. ऑपरेशननं निघेल."

पुढचं मला ऐकूच आलं नाही. मी लहान असताना आमच्या चुलत्यांची ऑपरेशनला छाती उघडली होती. पाठीपासून पुढपर्यंत व्रण. नंतर त्यांचा हात खांद्याच्या वर गेला नाही, आणि वर्षभरात ते गेले.

बाहेर येऊन दादाला म्हणालो, "जुना डाग आहे. गोळ्यांनी जाईल."

"मग तोंड कशाला पाडलंयस? चल, वडापाव खाऊ."

पुण्याला नेलंच नाही. खोकल्याच्या गोळ्या आणून देत राहिलो. उन्हाळ्यात विहिरीवरून घरी येताना तो मधेच टेकायला लागला, तेव्हा नेलं. प्लुरल इफ्यूजन झालं होतं, म्हणजे फुफ्फुसाभोवती पाणी. त्या पाण्यातही कॅन्सरच्या पेशी निघाल्या.

सर्जनबाई मला म्हणाल्या, "आता आम्ही शक्यतो छाती तशी उघडत नाही. व्हॅट्स करतो. बरगड्यांच्या मधल्या छोट्या छिद्रांतून कॅमेरा घालून. तेव्हा आला असतात तर गाठ तशीच काढता आली असती. आता पसरलाय. त्याच छिद्रांतून पाणी काढू, पुन्हा साठू नये म्हणून औषध फवारू. श्वासाला आराम पडेल, एवढंच."

तसं केलं. ड्रेसिंग बदलताना दादानं मान वळवून पाहिलं.

"एवढंच व्हय? मला वाटलं बोकडागत सोलत्यात! गेला न्हवं डाग?"

सिस्टर हसल्या. मी तिथंच सगळं सांगून टाकलं. चुलते, दौंड, माझी भीती.

दादानं सदरा छातीवर ओढून घेतला.

"तुला भ्या वाटलं, कळतंय. पर छाती माझी व्हती रं."

तो बरा होणार नाही. केमोला मीच नेतो. तो माझ्याशी पहिल्यासारखाच बोलतो, आणि तेच सोसत नाही.

तुमच्याकडे असं काही निघालं, तर पेशंटला शेजारी बसवून ऐका. घाबरलात तरी सर्जनपर्यंत जा.

हे छापायला द्यायच्या आधी दादाला वाचून दाखवलं. देऊ का, विचारलं.

"दे," तो म्हणाला. "पर भोकं बारकी असत्यात, ते आधी लिही."