देवळात ठेवलेली बोर्डाची सभा

हर्णेच्या मच्छीव्यापारी चाचांचे उपकार आधी सांगतो. मी चौथीत शाळा सुटलेला महार. इंग्रज सरकारने मला तालुक्याच्या स्कूल बोर्डावर नेमलं, तर अध्यक्षांनी पहिलीच सभा कचेरी सोडून देवळात ठेवली. पायरीशीच अध्यक्ष म्हणाले, "तुझी गैरहजेरी लावतो. तीन झाल्या की जागा गेली." मी अंगणातच बसलो. चाचाही सभासद. ते माझ्याशेजारी अंगणात बसले नि ओरडले, "आत तर मला मुसलमानालाही मज्जाव! मग कोरम काय देव भरणार?" झक मारत सभा अंगणात आली. मी आमच्या वाडीला शाळा मागितली. दोनच हात वर झाले, चाचांचा नि माझा. पुढे गावात मला कुणी काम देईना. आज कराचीच्या गोदीत राबतो. चाचा, तुमचं हे ऋण मी कधीतरी फेडीनच.