बाबांनी न दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या विजय नगरच्या घरी कधी आला नाहीत – आणि हेमंतच्या फोटोसमोर बसून माझं कौतुक केलं नाहीत.

हेमंत माझा धाकटा भाऊ, नौदलात होता. परक्या दोन देशांचं युद्ध चालू होतं, आणि त्याचं जहाज तिथल्या समुद्रात व्यापारी जहाजांना सोबत करत होतं. आपण कुणाच्याच बाजूचे नव्हतो. तरी एका सकाळी ड्रोन येऊन आदळलं. इंजिनरूममधले चौघे गेले. त्यांत तो. कुणी सोडलं? दोन्ही देश एकमेकांकडे बोट दाखवतात. मीही त्यांच्याकडेच बोट दाखवत आले.

पण त्याच्या तीन आठवडे आधी –

बाबांचे कान तोफगोळ्यांच्या कारखान्यात गेलेले. हेमंतचा फोन आला की त्याचं बोलणं मी वहीत लिहायची, बाबा वाचून फोनमध्ये उत्तर द्यायचे. त्या दिवशी बाबा सदर बाजारात गेले होते. हेमंत म्हणाला, किनाऱ्यावरच्या एका कोर्सच्या यादीत त्याचं नाव पहिलं आहे; हो म्हटलं तर पुढच्या बंदरावर उतरता येईल.

"ताई, खरं सांगू? भीती वाटून राहिली. पण बाबा काय म्हणतील? विचार न त्यांना. अन् तुझं भाषण नको जोडू मधात."

मी हसले. विचारते म्हणाले.

विचारलं नाही. संध्याकाळी बाबा समोर चहा घेत होते, वही हाताशी होती, आणि मी हेमंतला मेसेज केला – बाबा म्हणतात, जहाज सोडू नकोस.

का? बाबांसाठी मी पुण्याची ग्रंथालयातली नोकरी सोडून इथे राहिले होते. तो मात्र निघून गेला होता. मनात एवढंच आलं – मी अडकले, मग यानं का सुटावं? रागही नव्हता फारसा. शांतपणे लिहिलं.

नंतरच्या फोनवर त्यानं तो विषय काढला नाही. काढला असता, तरी वहीत लिहिणारी मीच होते ना?

तेरवीनंतर त्याचा जहाजावरचा मित्र आला. "अंकलजी, उसका नाम पहला था. उसी ने मना कर दिया." हे मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. बाबांनी दोनदा वाचलं.

"एक बार विचारलं असतं तं म्हटलं असतं, ये बेटा, चुपचाप घरी ये," ते म्हणाले. "काहून नाही विचारलं त्यानं?"

ते माझ्याकडे बघत होते. पेन माझ्या हातात होतं. मी काहीच लिहिलं नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरच्या दोन वर्षांतही नाही.

बाबा गेल्या महिन्यात गेले. शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, पोराला बापाचा भरवसा नव्हता. मी शेजारी बसून ऐकायची.

भरवसा होता. बाबांचा शब्द समजून त्यानं माझा मानला, आणि जहाजावर राहिला.