पसरलेलं पाणी

लडाखमधल्या या ओढ्याचं पात्र इतकं रुंद बांधलंय, की हिवाळ्यात त्यात करंगळी बुडेल इतकंही पाणी नसतं. ते तळालाच गोठतं. मागचं पाणी त्याच्यावरून येतं आणि तेही गोठतं. असा थरावर थर चढत बर्फ काठ ओलांडून लोकांच्या दारात येतो. माझी लेक इथं इंजिनिअर आहे, मी तिच्याकडे थोडे दिवस राहायला आलोय. उन्हाळा आला की पात्राच्या मधोमध ती एक अरुंद, खोल चर खणून घेणार आहे.

"पाणी पसरलं की गोठतं, बाबा," ती म्हणाली. "खोल असलं की वर बर्फ धरतो, पण खालून ते वाहत राहतं."

मी त्या बर्फाकडे बघत राहिलो. तिची आई गेल्यापासून आम्ही रोज फोनवर बोलतो. हवा, जेवण, माझे गुडघे, शेजारी. सगळ्याबद्दल थोडं थोडं. आईबद्दल एकदाही नाही. वाटलं, आज विचारावंच, तुला तिची आठवण येते का.

तेवढ्यात तिनं हातमोजे झटकले. "बाबा, जेवायचं ना?"

"हो," मी म्हणालो. "आज थंडी जरा जास्तच आहे, नाही?"