प्लाझ्मा तापवतो तरी किती?

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. लॅबमधला पंप सुरू केला की व्हॅक्यूम यायला वेळ लागतो, तेवढ्यात चहा होतो, आणि चहाबरोबर एखादा किस्सा पदरात पडतोच! काम तसं साधं. बंद भांड्यात वायूतून वीज सोडायची, जांभळा प्लाझ्मा पेटला की त्याची किती उष्णता समोरच्या तांब्याच्या चकतीत शिरते ते मोजायचं. पुढं चकतीच्या जागी रॉकेटचं इंधन ठेवायचंय, म्हणून हा खटाटोप.

* * *

लासूर स्टेशन गावची सारिका पीएचडीला नवीन आली होती. तिनं प्लाझ्मा पेटवला आणि स्क्रीनवर चकतीचं तापमान भराभर खाली! ती धावत सरांकडे.

"सर, प्लाझ्मा थंड करतोय!"

सर शांतपणे म्हणाले, "छान. आधी पेटंट घे. मग सेन्सरच्या वायरी उलट्या लागल्यात का बघ."

* * *

चकतीमागून पाणी फिरतं, ते किती तापलं यावरून उष्णता काढायची; येतं ते गच्चीवरच्या टाकीतून. मे महिन्यात एकदा ते आत जाताना गरम आणि बाहेर येताना गार! प्लाझ्मा अजून पेटवलाही नव्हता. सर म्हणाले, "लिहून ठेवा, आज ऊन मोजलं."

* * *

छावणी भागात राहणारे माझे मामा लॅब बघायला आले. "आतले इलेक्ट्रॉन दहा हजार डिग्रीच्या वर असतात," मी ऐटीत सांगितलं. मामांनी भांड्याला बाहेरून हात लावला.

"वरून तर कोमटच हाय! लई महागाचा गीझर घेतला की रे तुम्ही!"

* * *

सारिकाचा उष्णतेचा आकडा मात्र गणितापेक्षा कायम कमी यायचा. वायरी तपासल्या, चकती बदलली, तरी तेच. "कमी आलेली रीडिंग गाळून टाक," असं आम्हीच तिला सांगायचो. ती म्हणायची, "आलंय ते गाळू कसं?" पीएचडी अडकायची भीती तिला होती, आणि तिच्याहून जास्त आम्हाला.

व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक नेमके त्याच आकड्यावर अडून बसले. प्रश्नामागून प्रश्न, सगळे इंग्रजीतून. सारिकाचं उत्तर एकच, आला तेवढाच लिहिला. शेवटी त्यांनी सभागृहाकडे वळून मराठीत विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या रांगेतून तिचे वडील उठले.

"साहेब, पोरगी खरं बोलली का?"

परीक्षकांनी प्रबंधाची दोन पानं मागं उलटली; कमी आलेली रीडिंगही सगळी तिथं होती. म्हणाले, "हो. खरं बोलली."

"मग बसू द्या की तिला! कवाची उभीच हाय."