वीतभर उघडी भिंत

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये घडीची लाकडी भिंत आहे. ती ओढली की अलीकडे वाचनाची खोली, पलीकडे कॅरमचा गलका. सगळी दुमडली की बारशालाही जागा पुरते. फटीतून आवाज येऊ नये म्हणून सुतारानं केवढी खटपट केली होती! काल मात्र तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या काकू वाचता वाचता उठल्या आणि त्यांनी ती वीतभर सरकवली.

"काकू, आवाज येईल ना?"

"येऊ दे की. घरी शांतताच शांतता आहे. तिथे एक पान पुढे सरकत नाही."

माणसाला शांतता तरी नेमकी किती लागते? मी त्या फटीकडे बघत राहिलो. पलीकडे कुणीतरी राणी घेतली, एकच ओरडा झाला.

काकूंनी पान उलटलं.