गाण्यातली काच

आधीच सांगून टाकतो, मी पेंटर माणूस. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. त्यात भविष्यवाल्यांच्या आणि करणी उतरवणाऱ्या बाबांच्याही पाट्या आल्या, आणि त्यातल्या एकाही अक्षरावर माझा कधी विश्वास बसला नाही. या सदरातले अनुभव मी वाचतो ते हसण्यासाठी... तोच पिंपळ, तीच पांढरी साडी! तरी आज लिहितोय, कारण हे मी एकट्याने पाहिलेलं नाही. भर दुपारी, भरलेल्या थेटराने पाहिलंय.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. साखर पेठेतून चालत दहा मिनिटांवर एक टॉकीज होतं. नाव गाळतो — टॉकीज पाडलं, पण मालकांची नातवंडं गावात आहेत. तिथे मी बाहेरचे बोर्ड रंगवायचो आणि काचा लिहायचो. काच म्हणजे स्लाइड. तेव्हा फोन कुणाकडे होता? सिनेमाला बसलेल्या माणसाला घरून बोलावणं आलं, की काचेचा तुकडा कंदिलावर धरून त्याला काजळी आणायची, काजळीवर टाचणीने नाव कोरायचं, आणि ऑपरेटरच्या खोलीतल्या छोट्या मशीनमध्ये ती काच उलटी सरकवायची. चालू पिक्चरवर पांढरी अक्षरं उमटायची — अमुक यांनी ताबडतोब बाहेर यावे. तो माणूस अंधारात लोकांचे पाय तुडवत निघायचा.

त्या वर्षी एक हसण्याचा, प्रेमाचा हिंदी पिक्चर लागला होता. नायक मुका असल्याचं सोंग घेऊन नायिकेच्या बापाला गंडवतो आणि बाप पाठमोरा झाला की गाणं म्हणतो, असला सगळा पोरखेळ. पण गाणी! हॉटेलात तीच, लग्नाच्या बँडवर तीच, मागावर बसलेले विणकर मागाच्या ठेक्यावर तीच गुणगुणायचे. मध्यंतराच्या आधीच्या गाण्याला तर पब्लिक पडद्यावर चिल्लर उधळायचं. म्हणून मॅनेजरसाहेबांचा नियम होता, गाण्यात काच लावायची नाही. एकदा लावली होती, तर लोकांनी चार खुर्च्या मोडल्या होत्या.

मागाला सुट्टी होती त्या दिवशी. तीनचा शो, हाउसफुल्ल. एक बाई अनवाणी धावत आली, पदर कमरेला खोचलेला.

"आमच्या मालकाला बोलवा की. साखर पेठंतले नरसय्या म्हनून हायत. लेकरू डोळे फिरवायलंय, दवाखान्यात न्यायला घरात दुसरं कोन न्हाय."

"काच लावतो, बाई," मी म्हणालो.

"मला आत सोडा, मी हाक मारते."

मॅनेजर म्हणाले, "आत तमाशा नको. काच लावतोय ना तो? थांबा इथंच."

मी घाईने काजळी धरली, नाव कोरलं. इतकी घाई, की कोपऱ्यात माझा अंगठा लागून काजळी पुसली गेली. काच घेऊन वर गेलो तर गाणं नुकतंच सुरू झालेलं. मागोमाग मॅनेजर आले. "गाणं संपू दे," म्हणाले आणि खाली चहाला गेले.

मी काच फळीवर ठेवली आणि भिंतीतल्या चौकोनातून गाणं बघत उभा राहिलो. मला ते गाणं आवडायचं, हो. संपल्यावर बापाला पहिल्यांदा संशय येतो तो विनोदी प्रसंग होता, त्याला मी ऑपरेटर बाशाभाईच्या जोडीने पोट धरून हसलो. दिवे लागले तेव्हा फळीकडे लक्ष गेलं. काच तिथेच.

धावत खाली आलो. बाई वाट बघून निघून गेली होती. नरसय्या गाणं गुणगुणत बाहेर आला आणि त्याने माझ्याकडेच काडेपेटी मागितली. मी सांगितलं, घरी जा, बोलावलंय. तो पळत सुटला. दोन वर्षांची मुलगी होती. तो पोचायच्या आधीच गेली.

मी त्या संध्याकाळी ती काच ओल्या फडक्याने पुसून टाकली.

तिसऱ्या दिवशी, तीनच्याच शोला, त्याच गाण्यात पडद्यावर अक्षरं उमटली. 'नरसय्या, साखर पेठ. ताबडतोब घरी या.' माझंच अक्षर. आणि कोपऱ्यात दाराएवढा मोठा पांढरा डाग — माझा अंगठा!

मी वर धावलो. बाशाभाई हात वर करून उभा. "मैं कायकू डालूँ रे? मशीन का बल्ब तो परसों से उडेला है!" खरंच बल्ब काढून ठेवलेला होता. मशीन थंडगार. पुसलेल्या त्या काचेवर मी सकाळीच साबणाची जाहिरात लिहिली होती, आणि ती काच या वेळी माझ्या हातात होती. समोर पडद्यावर मात्र नरसय्याला बोलावणं चालू. गाणं संपलं, अक्षरं गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. बाकीच्या शोला नाही, फक्त तीनच्या.

आता तुम्हाला वाटेल पब्लिक घाबरलं. कसलं! पहिले दोन दिवस ओरडले, मग त्यांना गंमत वाटायला लागली. अक्षरं आली की खालून आरोळी उठायची, "नरसय्या, जा की बे घरी!" आणि अख्खं थेटर खो खो हसायचं. हसण्याचाच पिक्चर, त्यांना वाटलं हाही त्यातलाच विनोद. लोक मुद्दाम तीनच्या शोला यायला लागले. मॅनेजर आधी टरकले होते, पण गर्दी बघून म्हणाले, "चालतंय तसं चालू दे. देवाची कृपा समज." त्या माणसाला देवही आठवला तो तिकीट खिडकीवर. मी त्यांना नावं ठेवतोय खरा, पण रोज तीन वाजता कोपऱ्यात उभा राहून मी काय करत होतो? स्वतःचंच अक्षर वाचायचो आणि बोर्ड रंगवायला परत जायचो.

महिन्याभराने नरसय्या आला. बायको बरोबर होती, तिच्या हातात गाठोडं. दुपारची वेळ, मी पायरीवर बसून बोर्ड रंगवत होतो. नरसय्या निम्मा झाला होता.

"पेंटर, तुमी हिला एकदा सांगा," तो म्हणाला. "सगळे लोक सांगतेत, गाण्यात काच लागती, आमी डोळ्यानं बघितली. ही म्हनती, त्या दिवशी बी लागली असनार, तुमी हसत बसला, उठला न्हाय. मी देवाची शपथ घेतो, मला दिसली न्हाय. ही माहेरी निघाली. तुमी सांगा, त्या दिवशी काच लावली होती का न्हाय?"

बाईने गाठोडं पायरीवर ठेवलं. माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला मीच सांगितलं होतं, लावतो म्हणून.

माझ्या मागे तिकीट खिडकीत मॅनेजर उभे होते. त्यांचा कप बशीवर ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला.

"लावली होती," मी म्हणालो.

बाईने गाठोडं काखेत घेतलं आणि एकदाही मागे न बघता ती निघाली. नरसय्या तिच्या मागे गेला नाही. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

"असंल मग," तो म्हणाला. "गानं चांगलं होतं. माझंच लक्ष नसंल."

त्या दिवशी तीनच्या शोला काच लागली नाही. लोक सवयीने ओरडले, "नरसय्या, जा की बे घरी!" पण पडद्यावर नुसतं गाणं. पुढे पिक्चर उतरेपर्यंत ती पुन्हा कधी दिसली नाही.

नंतर मी पुष्कळांना विचारलं. एका सायन्सच्या मास्तरांनी लेन्सवर ठसा राहिला असेल असं सांगितलं, एका डॉक्टरांनी सामूहिक भ्रम. महिनाभर रोज नवी माणसं यायची, त्या सगळ्यांना माझ्या अंगठ्याचाच भ्रम कसा झाला, ते दोघांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. आणि ते जे काही होतं ते न्याय मागायला आलं असेल, तर त्याच्यासारखं मूर्ख तेच! ती काच रोज लागली नसती, तर माझ्या खोट्यावर त्या बाईने विश्वास ठेवलाच नसता. गावभर माझ्या बाजूने साक्षीदार तयार केले ते त्या काचेनेच.

नरसय्या पुढे भिवंडीला कारखान्यात लागला, असं बाशाभाईकडून कळलं. त्याला खरं सांगायला मी कधी गेलो नाही. पत्ता मिळाला असता.