चहा पाहुण्यांनी केला

ऑलिव्ह क्लेगबाईंना अशक्त म्हणायची छाती गल्लीत कुणाची नव्हती. यॉर्कशरच्या गिरणीत तीस वर्षं मागावर उभी राहिलेली बाई ती. आता वय शहाऐंशी, आणि जिना उतरायचा तो बसून, एकेक पायरीवर बूड टेकत. कुणी पाहिलंच तर म्हणायच्या, "पायऱ्या पुसतेय."

अशक्तपणाला इंग्रजीत शब्द काय थोडे आहेत? पण बाईंनी ते सगळे दुसऱ्यांना वाटून टाकलेले. 'वीक' असायचा तो चहा, तोही शेजारणीचा. 'फीबल' म्हणजे भाचजावयाच्या सबबी. 'डेलिकेट' होती गिरणीमालकाची लेक. ती गादीवर लोळून केक खात नव्वदीपर्यंत जगली. 'फ्रेल' म्हणजे टेकडीवरच्या वृद्धाश्रमात गुडघ्यांवर शाल घेऊन रांगेत बसवलेले. आणि कुणी 'पूअरली' आहे म्हटलं, की गल्ली अंत्ययात्रेचे काळे कोट झटकायला घ्यायची. मग स्वतःसाठी उरलं काय? "जरा दमलेय." बस्स.

भाची जिल रोज सकाळी येऊन आंघोळ घालायची. पण आता जिलचीच कंबर धरली. कौन्सिलने मदतीला बाई दिली तर घर, नाहीतर टेकडी.

"मावशी, उद्या तपासायला माणूस येतोय. उद्या तरी खरं बोल."

"मी काय खोटं बोलते?"

"तू पायऱ्या पुसतेस!"

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोन तास खपून निळ्या झग्याची बटणं लावली. ठेवणीतल्या कपबश्या तर आधीच्या आठवड्यापासून एकेक करून खाली आल्या होत्या. बूथ नावाचा चष्मेवाला पोरगेला साहेब आला.

"आंघोळ?"

"रोज."

"स्वयंपाक?"

"केक घे ना, बाळा." केक दुकानातला, ताटली घरची.

"जिना?"

"दिवसातून दोनदा."

"म्हणजे त्रास असा काही..."

"माझ्याहून जास्त त्रासात लोक आहेत रे."

पंधरा दिवसांनी पत्र आलं, मदतीची गरज नाही. बाईंनी ते घड्याळाशेजारी दिमाखात उभं करून ठेवलं.

जिलने वाचलं आणि पुन्हा घड्याळाशेजारी ठेवलं. "पास झालीस, मावशी. अभिनंदन. आता सामान बांध."

बाईंचं तोंड उतरलं. टेकडीवरच्या खिडक्या त्यांच्या खुर्चीतून सरळ दिसायच्या.

जिलने फेरतपासणी मागितली आणि तालीम सुरू केली. "म्हण, मी फ्रेल आहे."

"फ्..." बाईंना ठसकाच लागला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा ठसका. जिलने हात टेकले.

बूथ दुसऱ्यांदा आला तेव्हा बाई घरच्या गाऊनमध्ये होत्या. तो बसला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहाचं नाव नाही! या घरात गिरणीच्या संपाच्या वेळी आलेल्या पोलिसालासुद्धा चहा मिळाला होता. बूथ घसा खाकरू लागला. जिल उठायला लागली तशी बाईंनी तिची बाही घट्ट धरली.

मग पत्राकडे बघत म्हणाल्या, "किटली आत आहे, बाळा. भरलेली मला उचलत नाही."

बूथ आत गेला. बाई बसल्या जागेवरून ओरडत होत्या, "ते भांडं नको, निळं! अरे, झाकण आपटतोस कशाला?"

चहा आला. फिकट रंग बघून जिलने डोळेच मिटले. बाईंनी मात्र कप दोन्ही हातांनी धरला आणि तळापर्यंत रिकामा केला.

बूथने फॉर्म पुढे ओढला. "इथे तुमची अवस्था लिहायची आहे, मिसेस क्लेग. तुमच्याच शब्दांत. काय लिहू?"

"लिही, चहा पाहुण्यांनी केला."

बूथ त्याच भागात वाढलेला. याचा अर्थ त्याला वेगळा सांगावा लागला नाही. त्याने लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

आता रोज आठला कौन्सिलची बाई आंघोळ घालायला येते. ती यायच्या आधी ऑलिव्हबाई बाथरूम पुसून ठेवतात, परक्या बाईला घाण कशी दाखवायची म्हणून.

बसूनच पुसतात, अर्थात.